आमची वाटचाल: एका काळ्या नळीची गोष्ट

मॉस्कोत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. इथे आम्ही लाखेवर चित्रं रंगवलेली शाईची पेनं बनवतो. एकीत लेथ, दुसरीत टेबलं, भिंगं आणि कुलपाचं कपाट. माणसं चार: मी, माझी बायको, एक टर्नर आणि निबा बसवणारा एक तरुण मुलगा. चित्रकार इथे बसत नाहीत, ते आपापल्या गावी, घरच्या खिडकीपाशी काम करतात. वर्षाला चाळीस-पंचेचाळीस पेनं तयार होतात. गेल्या वीस वर्षांत हा आकडा फारसा वाढला नाही, आणि तो वाढावा अशी आमची धडपडही नाही.

मी सावंतवाडीचा. आमचं घर चितार आळीपासून, म्हणजे लाखकाम करणाऱ्या चित्रकारांच्या गल्लीपासून, जवळ. शाळेतून येताना लाखेचा वास नाकात घेऊनच घरी पोचायचो. वडील शिक्षक. सोव्हिएत प्रकाशनांची मराठी पुस्तकं त्या काळी फार स्वस्तात मिळत, ती ते सुट्टीत आणून देत. त्यातल्या एका परीकथेत काळ्याशार पानावर सोनेरी रेघांचा पक्षी होता. काळ्यावर इतकं लखलखीत काही असू शकतं हे मला तेव्हा प्रथम कळलं. १९८६ साली शिष्यवृत्ती मिळाली आणि मी मॉस्कोच्या पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला आलो. निघताना वडिलांनी खिशातलं आपलं काळं एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, पेन काढून दिलं. ड्रॉपरनं शाई भरायची, निब थोडी तिरकी झिजलेली. ते पेन आजही माझ्याकडे आहे.

शिक्षण संपेपर्यंत ज्या देशात शिकायला आलो तो देशच उरला नव्हता. मी भारतीय चहाच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला लागलो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रूबल कोसळला आणि ते ऑफिस बंद पडलं. लग्न झालेलं, मुलगी दोन वर्षांची. बायकोचं माहेर शुया गावचं, तिथून लाखेवरच्या चित्रांचं गाव पालेख जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. त्या हिवाळ्यात आम्ही सासुरवाडीला राहिलो आणि एका दुपारी तिच्या आईच्या मैत्रिणीकडे गेलो. बाई साठीच्या, पालेखच्या चित्रकार. त्यांना आम्ही अजूनही नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतो, इथे वडीलधाऱ्यांना मान द्यायची तीच रीत आहे. मी कुणाचा तरी पत्ता लिहून घ्यायला पेन काढलं. त्यांनी ते हातात घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं आणि विचारलं, "एवढी चांगली काळी जागा रिकामी का ठेवलीत?"

आमच्या व्यवसायाची सुरुवात या प्रश्नातून झाली.

त्यांना काळी जागा रिकामी का वाटली हे समजायला पालेखचा इतिहास माहीत हवा. पालेख हे मुळात देवांची चित्रं रंगवणाऱ्यांचं गाव. लाकडी पाटावर अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी ख्रिस्त, मरियम आणि संतांच्या प्रतिमा काढायच्या, हे तिथल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. १९१७ च्या क्रांतीनंतर प्रतिमांना गिऱ्हाईक उरलं नाही. हातात एवढं कसब असलेली माणसं शेती करू लागली, जोडे शिवू लागली. त्यातल्याच इव्हान गोलिकोव्ह यांनी मॉस्कोच्या एका संग्रहालयात फेदोस्किनो गावच्या लाखेच्या पेट्या पाहिल्या आणि आपली जुनी विद्या या काळ्या पृष्ठभागावर चालेल हे ओळखलं. पहिला प्रयोग त्यांनी फोटो धुण्याच्या कागदी लगद्याच्या ट्रेचा तुकडा घेऊन केला, असं पालेखमध्ये सांगतात. ५ डिसेंबर १९२४ ला सात चित्रकारांनी मिळून सहकारी संघ काढला. पुढे गॉर्कींसारख्या लेखकानं या कलेची बाजू उचलून धरली. चित्रांत संतांच्या जागी त्रोइका म्हणजे तीन घोड्यांच्या गाड्या, लढाया आणि पुश्किनच्या गोष्टी आल्या. हात मात्र तेच राहिले: लांबट माणसं, कमळासारखे डोंगर, वस्त्रांच्या घड्यांवर सोन्याच्या केसाएवढ्या रेघा.

आणखी एक गोष्ट बदलली, आणि मला ती सर्वांत मोठी वाटते. देवाच्या प्रतिमेवर चित्रकार सहसा सही करत नसे. पेटीवर तो खाली कोपऱ्यात सोन्यानं आपलं नाव, गाव आणि साल घालू लागला. लहानपणी मी पाहिलेल्या आमच्या सावंतवाडीच्या गंजिफांवर, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांवर, कुणाचंच नाव नव्हतं. त्या कुणी रंगवल्या हे आता कुणाला सांगता येणार नाही, याची मला खंत वाटते.

पेनावर चित्र काढायचं ही कल्पना काही आमची नव्हे. जपानच्या नामिकी कंपनीची सोन्याच्या भुकटीची 'माकि-ए' पेनं १९३० च्या सुमाराला लंडनपर्यंत पोचली होती, आणि सोव्हिएत काळ संपल्यावर रशियन लाखकामाची पेनंही बाजारात आली. आम्हाला त्यात भर घालायची होती ती एवढीच, की ते पेन रोज लिहिण्याचं असावं. वडिलांनी तीस वर्षं रोज तपासणीच्या वह्यांवर लाल शाई चालवली, तेव्हा कपाटात ठेवायचं पेन बनवणं मला जमलंच नसतं.

पहिली सात पेनं २००४ च्या मार्चमध्ये केली. एबोनाइटची कांडी लेथवर उतरवली, काळा लाखेचा थर दिला, चित्रं काढून घेतली, वर पारदर्शक थर दिला आणि पेटीसारखीच भट्टीत सुकायला ठेवली. सकाळी दार उघडलं तर सातही नळ्या वाकलेल्या. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, ते उष्णतेनं मऊ पडतं. निबेखालची एबोनाइटची जीभ उकळत्या पाण्यात धरून निबेला बसती करतात हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही तीच गोष्ट भट्टीशी जोडून पाहायचं सुचलं नाही. चार चित्रकारांची तीन महिन्यांची मेहनत वाया गेली. त्यांचे पैसे आम्ही पुरते दिले, त्यासाठी बायकोनं आजीच्या बांगड्या विकल्या. त्या वाकलेल्या सात नळ्या कपाटात सर्वांत वरच्या खणात आहेत.

उत्तर फेदोस्किनोत सापडलं. मॉस्कोजवळच्या या गावात ही विद्या १७९५ पासून आहे. प्योत्र कोरोबोव्ह नावाचा व्यापारी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा लाखकामाचा कारखाना पाहून आला आणि इथे कागदाच्या लगद्याच्या तपकिरीच्या डब्या बनवू लागला. लगदा म्हणतात खरा, पण तो लगदा नसतोच. पुठ्ठ्याच्या पट्ट्या पिठाच्या खळीनं एकावर एक चिकटवायच्या, साच्यावर दाबायच्या, वाळवायच्या, मग गरम जवसाच्या तेलात मुरवून भट्टीत भाजायच्या. तयार होतं ते लाकडासारखं: करवतीनं कापता येतं, लेथवर उतरवता येतं, आणि नीट मुरलेलं असेल तर लाकडासारखं फुगत-आक्रसत नाही. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराला खळ लावताना पाहिलं आणि मला चितार आळीच आठवली. गंजिफांसाठी कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावतात, हाताची फिरत तीच, बोटांनी कडा दाबणं तेच.

त्या कारागिराला मी विचारलं, पट्ट्यांऐवजी कागद सळईवर गुंडाळून नळी करता येईल का? ते म्हणाले, सुईच्या डब्या आम्ही तशाच करतो. मग आम्ही काम उलटं केलं. आधी कागदाची नळी, तिच्यावर लाख, चित्र, वरचे थर, भट्टी, पॉलिश, सगळं. ते संपल्यावर आतून एबोनाइटची पातळ नळी सरकवून बसवायची. शाई एबोनाइटला लागते, कागदाला नाही. भट्टी कागदाला लागते, एबोनाइटला नाही. २००६ साली हे जमलं. आजतागायत यातलं एकही पेन वाकलेलं परत आलेलं नाही.

गोल नळीवर चित्र काढणं मात्र चित्रकारांना शिकावं लागलं. पेटीचं झाकण एका नजरेत दिसतं. पेनाचा एका वेळी तिसरा हिस्सा दिसतो. म्हणून गोष्ट फिरती ठेवावी लागते: पुढच्या बाजूला राजपुत्र हात पुढे करतो, पेन फिरवत नेलं की सोनेरी पिसारा लागतो, आणि पूर्ण फेरी झाल्यावर कळतं की पिसारा त्याच्याच मुठीतून सुटलेला आहे. टोपण आणि नळी यांच्यावर एकच चित्र असतं, त्यामुळे टोपण फिरवून बसवल्यावर रेघेला रेघ जुळलीच पाहिजे. बहुतेक पेनांना पटकन उघडावं म्हणून तीन-चार सुरुवातींचे आटे असतात, म्हणजे टोपण तीन-चार वेगवेगळ्या जागी धरू शकतं. आम्ही एकाच सुरुवातीचे ठेवतो. उघडायला दोन फेरे जास्त लागतात, पण टोपण एकाच जागी येऊन थांबतं. क्लिप लावत नाही, तिच्याखाली चित्र घासतं. पेन टेबलावरून घरंगळू नये म्हणून आत एका बाजूला पितळेचं बारीक वजन असतं, त्यामुळे खाली ठेवल्यावर चित्राची मुख्य बाजू आपोआप वर येते. ही युक्ती आमच्या टर्नरची. टोपणाच्या आतला भाग लाल, कारण रशियन पेटी सहसा बाहेरून काळी आणि आतून लाल असते.

पालेखचं काम असं चालतं. चकाकत्या लाखेवर रंग धरत नाही, म्हणून आधी प्यूमिस दगडाच्या भुकटीनं ती मंद करतात. पांढऱ्या रंगात आकृत्या बसवून घेतात, त्यावर रंगांचे पातळ थर चढवतात. बलक त्याच्या भोवतालच्या पातळ त्वचेतून अलगद काढून व्हिनेगरच्या पाण्यात फेटलेला असतो. ब्रश खारीच्या शेपटीचे, चित्रकार ते स्वतः बांधतात. सगळ्यात शेवटी सोनं: वर्ख डिंकाबरोबर बशीत बोटानं घोटतात, बराच वेळ, आणि भिंगाखाली रेघा ओढतात. या सोन्याला सुरुवातीला चमक नसते. लांडग्याच्या दातानं घासलं की ते जागं होतं. मग पारदर्शक लाखेचे सहा-सात थर, प्रत्येक थर वेगळा सुकवायचा, शेवटी मखमलीनं आणि तळहातानं पॉलिश. एका पेनाला चार ते सहा महिने जातात. फेदोस्किनोची रीत वेगळी आहे. तिथे तेलरंग वापरतात, कधी चित्राखाली शिंपल्याचा तुकडा किंवा धातूची भुकटी ठेवतात, म्हणजे बर्फावरचं चांदणं आतून उजळल्यासारखं दिसतं. दोन्हींत उजवं-डावं मी करणार नाही, पण काळी जागा तशीच सोडण्याचं धाडस पालेखचंच.

ही कामं बाजारात नकलीही मिळतात. छापलेलं चित्र चिकटवायचं, त्यावर दोन-चार ठिकाणी ब्रश फिरवायचा, वर जाड लाख. ओळखायचं असेल तर भिंग घ्या आणि चेहरा पाहा. छपाईचे ठिपके असतील तर लगेच कळतं. मग पेन उजेडात हळूहळू फिरवा. खऱ्या सोन्याची रेघ एका कोनात विझते आणि दुसऱ्या कोनात पेटते. छापील सोनेरी रंग सगळीकडून सारखाच दिसतो.

२०११ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या दुकानदारानं एकदम दोनशे पेनांची मागणी केली. अट एकच: चित्रकाराचं नाव नको, त्या जागी दुकानाचं चिन्ह. त्या वर्षी आमच्यावर कर्ज होतं, ते त्यातून फिटलं असतं. बायको एक दिवस काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच पत्र लिहिलं आणि नाही म्हणून कळवलं. पेनाच्या टोकाशी, जिथे नळी निमुळती होते तिथे, चित्रकाराचं नाव असतं आणि पुढेही असेल. ज्याला ते नको, त्याच्यासाठी आमच्याकडे पेन नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं. त्यातल्या माणसांच्या दुःखापुढे आमच्या अडचणी फार लहान आहेत, तरी वाटचाल सांगताना त्या गाळता येत नाहीत. मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवलं. बाहेरच्या गिऱ्हाइकांचे पैसे यायचे बंद झाले, कुरिअर बंद झालं, जर्मनीहून येणाऱ्या निबा बंद झाल्या. निम्म्याहून अधिक मागणी गेली. चित्रकारांना मात्र आम्ही थांबा म्हटलं नाही. नळ्या जात राहिल्या, रंगवून येत राहिल्या, कपाट भरत गेलं. एबोनाइटच्या कांड्या आम्ही आधीपासून भारतातून आणत होतो, आता निबाही तिथूनच येतात. त्या कागदावर थोड्या कडक चालतात. निबा बसवणारा आमचा तो तरुण प्रत्येक निब बारीक पॉलिश पेपरवर इंग्रजी 8 च्या आकारात फिरवून मऊ करतो, एकेकीला अर्धा दिवस लागतो.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, पालेखच्या हातानं दशावतार काढून मिळतील का? मी विचारात पडलो. जी गोष्ट ऐकत चित्रकार मोठा झालेला नाही, ती त्याच्याकडून काढून घेणं मला बरोबर वाटत नव्हतं. तरी सावंतवाडीहून आणलेल्या गंजिफांतली काही पानं घेऊन मी पालेखला गेलो. त्या बाई आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत, वर्षातून एखादंच काम घेतात. त्यांनी ती गोल पानं टेबलावर मांडली, भिंगाखाली पाहिली, उलटून कापडाचे थर नखानं चाचपले, लाखेचा वास घेतला. बराच वेळानं म्हणाल्या, "दहा नाही. बाकीच्यांना मी ओळखत नाही. हा मासा काढीन. माशाची गोष्ट आमच्याकडेही आहे, कोळी आणि सोनेरी मासा. पण तुमचा मासा काय करतो ते आधी सांगा."

मी सांगितलं: प्रलय, नाव, माशाच्या शिंगाला बांधलेला दोर. बायको भाषांतर सुधारत होती. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, पाणी काळं होतं का?

काळं होतं, मी म्हटलं.

गृहस्थांना फक्त मत्स्यावतार मिळेल असं कळवलं, त्यांनी आनंदानं होकार दिला. ते पेन सध्या लाखेच्या तिसऱ्या थरावर आहे. नळीच्या तीन चतुर्थांश भागावर काहीच काढलेलं नाही, नुसतं काळं पाणी, आणि एका बाजूनं सोन्याचा दोर नावेकडे गेलेला. ती नाव टोपणावर आहे. आटे जुळले की दोर सलग होतो, मी कालच करून पाहिलं.