सिगारेट कधीच न ओढणारीला सिगारेटची तलफ

तंबाखूमुक्ती केंद्रात माणसं येतात ती 'सुटत नाही' म्हणून. ही मुलगी आली ती 'सुरू करू का' हे विचारायला. वय तेवीस, गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी हिंजवडीला. गार पाणी लागलं की दातांतून कळ जाते म्हणून आमच्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत आली होती. तिथे बोलता बोलता तिने वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, विषय काढला आणि तिला केसपेपरासकट माझ्याकडे पाठवण्यात आलं. केसपेपरावर तंबाखूच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलेलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, मी आयुष्यात एकदाही सिगारेट ओढलेली नाही. पण चारच्या सुमाराला टपरीवर बाकीचे ओढायला लागले की मला राहवत नाही. तोंडाला पाणी सुटतं, चिडचिड होते, कामावर परत आले तरी डोकं तिथेच असतं. दोन-तीन महिने झाले. मैत्रीण म्हणाली, सिगारेट नको, वेप घे, त्यात तंबाखू नसते."

वेप तिने पर्समधून काढून टेबलावर ठेवला. एकदा वापरून फेकायचा, फळाच्या चवीचा. तोंडात धरायच्या टोकाला आणि खालच्या हवेच्या छिद्राला लावलेली सिलिकॉनची बुचं अजून जागेवर होती, म्हणजे वापर सुरू झालेला नव्हता. हे बारकाईने बघून ठेवलं, कारण पुढचं सगळं निदान त्यावर उभं राहणार होतं.

आधी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग नळीत सावकाश, फुप्फुसं रिकामी होईपर्यंत सोडायचा. आकडा आला २ पीपीएम. साधारण सहाच्या आत असला की माणूस ओढत नाही असं धरतात. तिचं म्हणणं खरं होतं. पण हे यंत्र फक्त जळण ओळखतं. तंबाखू चघळणारा, तपकीर ओढणारा, वेप वापरणारा, सगळे त्यावर 'स्वच्छ' दिसतात. म्हणून लघवीतल्या कोटिनिनची पट्टी लावली. निकोटिन रक्तातून लवकर जातं, दर दोनएक तासांनी निम्मं होतं. त्याचं रूपांतर होऊन बनणारं कोटिनिन निम्मं व्हायला सोळाएक तास लागतात, त्यामुळे ते दोन-तीन दिवस सापडतं. ही पट्टी वाचताना नवशिके फसतात: 'सी'पाशी (कंट्रोल) रेषा आली आणि 'टी'पाशी (टेस्ट) आली नाही, तर निकाल पॉझिटिव्ह. पाच मिनिटं झाली, 'सी'पाशी रेषा आली, 'टी'पाशी काहीच उमटलं नाही. म्हणजे पॉझिटिव्ह.

पट्टीची मर्यादा दर मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅम. दुसऱ्याच्या धुराशेजारी चहा पिऊन माणूस सहसा तिथवर पोचत नाही. वेपची बुचं शाबूत. म्हणजे तिच्या अंगात निकोटिन रोज जात होतं आणि ते कुठून जातं हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"दात कशाने घासतेस?" असं विचारलं.

"सकाळी मशेरीने. आजी करून देते, डबी घेऊन येते मी गावाहून."

ज्यांच्या घरात मशेरी नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटून बारीक पूड करतात, चिमूटभर घेऊन तर्जनीने दातांवर आणि हिरड्यांवर चोळतात. भाजताना घरभर खाट उठतो. आपल्याकडे गावांत आणि शहरांतल्या वस्त्यांत बायकांमध्ये ही सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती दात घासण्यात मोजली जाते, व्यसनात नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला ती कशी लागू होणार? त्यामुळे 'तंबाखू खाता का' याला ही मुलगी अगदी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणाली.

मग वेळा लावून घेतल्या आणि कोडं उलगडलं. गावी असताना ती मशेरी तीनदा लावायची: उठल्या उठल्या, दुपारच्या जेवणानंतर आजीसोबत ओसरीवर आणि झोपताना. पुण्यात पीजीमध्ये आल्यावर खोलीतल्या मुलींनी वासाची तक्रार केली, म्हणून दुपारची आणि रात्रीची बंद झाली, सकाळची तेवढी राहिली. दोन-तीन महिन्यांपूर्वी. सकाळी सातला घेतलेलं निकोटिन चारपर्यंत जवळजवळ उतरून गेलेलं असतं, मेंदूला पुढचा हप्ता हवा असतो आणि नेमक्या त्याच वेळी नाकाशी जळत्या तंबाखूचा वास येतो. घरी भाजणीच्या दिवशी हाच वास ती लहानपणापासून घेत आलेली. तलफ मशेरीचीच होती, समोर सिगारेट होती म्हणून ती सिगारेटची वाटली.

आता तिचा मूळ प्रश्न. वेप घ्यावा का? माझं उत्तर ठाम 'नाही' होतं आणि ते का, हे तिचंच यंत्र हातात घेऊन दाखवलं. आत एक लिथियम बॅटरी, ओढ लागताच सुरू होणारा सेन्सर, तारेची कॉइल, तिच्याभोवती द्रवात भिजलेला कापूस. द्रव म्हणजे प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाचे पदार्थ आणि निकोटिन. पाकिटावर '५%' आणि '१० मि.ली.' छापलेलं. पाच टक्के म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, सगळं मिळून ५०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून अंगात जातं साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. पाकिटावरचे ५,००० झुरके खरे मानले तर एका झुरक्यात ०.१ मिलिग्रॅम निघतं, म्हणजे दहा-पंधरा झुरक्यांत एक सिगारेट. झुरक्यांचा आकडा फुगवलेला असला तर प्रत्येक झुरक्यात त्याहून जास्त. शिवाय सिगारेट विझते, तिथे थांबावं लागतं. वेप विझत नाही. तो टेबलावर, उशाशी, बाथरूममध्ये सोबत येतो.

त्याहून महत्त्वाचा भाग वेगाचा. मशेरीतलं निकोटिन हिरड्यांतून हळूहळू झिरपतं, रक्तात वर चढायला त्याला काही मिनिटं लागतात. फुप्फुसातून गेलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत असतं. जितकी झटपट पोच तितकी सवय घट्ट. आधी कधीच न ओढलेल्या माणसाला कडक निकोटिन घशाला झोंबतं, ठसका लागतो आणि तो ठसकाच त्याला वाचवतो. या यंत्रांत बेंझोइक आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार केलेला असतो. त्याने आम्लता वाढते, झोंबणं जातं आणि पहिल्याच दिवशी मोठी मात्रा गुपचूप आत जाते. मशेरीची एक वेळची सवय असलेल्या मुलीच्या हातात हे देणं म्हणजे धुमसत्या काडीवर रॉकेल ओतणं.

तिने एक चांगला प्रश्न विचारला: परदेशात तर डॉक्टरच वेप सुचवतात ना? ब्रिटनमध्ये सुचवतात, हे खरं आहे. पण सिगारेट ओढणाऱ्यांना, ती सोडण्यासाठी. जळत्या तंबाखूपेक्षा वेप कमी घातक आहे आणि सिगारेट सोडायला त्याची मदत होते याचा पुरावा आहे. तो सगळा पुरावा ओढणाऱ्यांवरचा. न ओढणाऱ्यांनी वेपला हात लावू नये, असं तिथली सरकारी आरोग्यसेवाही सांगते. शिवाय तिथे मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. हिच्या पर्समधलं यंत्र अडीच पट कडक होतं. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यालाच बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे इथे जे मिळतं ते चोरबाजारातलं, पाकिटावर छापलेलं आत आहे की नाही हे तपासणारं कोणी नाही. 'शून्य निकोटिन' छापलेल्या द्रवांतही निकोटिन सापडलेलं आहे. कापूस कोरडा पडला की कॉइल द्रवालाच जाळते, जळका वास येतो आणि फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्यं बनतात. कॉइलमधले निकेल-क्रोमियमचे कणही वाफेत उतरतात.

पण नुसतं 'नको' म्हणून तिची चार वाजताची तलफ जाणार नव्हती. आधी तोंड तपासलं. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती चिमूट ठेवायची, तिथली त्वचा पांढरट आणि सुरकुतलेली. समोरच्या खालच्या दातांच्या हिरड्या खाली सरकलेल्या, मुळाशी बोटाने घासून घासून खाचा पडलेल्या. थंड लागण्याचं कारण तेच. आणि इथेच बहुतेक बायकांची मशेरी सोडण्याची खटपट फसते. निकोटिनने हिरडी बधिर असते. मशेरी बंद केली की दातांची कळ उघडी पडते, 'मशेरी सोडली आणि दात दुखायला लागले' असं म्हणून बाई पुन्हा डबी उघडते. म्हणून त्याच दिवशी खाचा ग्लास आयोनोमर सिमेंटने भरून घेतल्या, कळ कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आणि मऊ ब्रश दिला. समुपदेशन कितीही उत्तम असलं तरी दात दुखत असताना ते टिकत नाही.

मशेरी पूर्ण बंद करायला सुट्टी बघून शनिवार ठरवला. गरोदर नाही ना, हृदयाचा काही त्रास नाही ना, हे विचारून २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम दिला: एक नाश्त्यानंतर, एक चारच्या आधी, एक रात्रीच्या जेवणानंतर, मध्ये फारच वाटलं तर आणखी. हा गम साध्या च्युइंगमसारखा खायचा नसतो. सावकाश चावायचा, तोंडात झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. असा अर्धा तास. पांढऱ्या जागेपाशी ठेवायचा नाही, वरच्या गालात, बाजू बदलत.

मंगळवारी तिचा फोन आला. उचक्या, छातीत जळजळ आणि वर तलफ तशीच. दोन्हींची कारणं ठरलेली असतात. भराभर चावलं की निकोटिन लाळेतून पोटात जातं, तिथे त्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त. आणि ती टपरीवर चहाचे घोट घेत गम चघळत होती. चहा-कॉफी आम्लधर्मी, तोंड आम्लधर्मी झालं की निकोटिन गालातून शोषलंच जात नाही. बदल एवढाच केला की चहा साडेतीनला ऑफिसच्या पँट्रीत, मग चूळ, पंधरा मिनिटांनी गम आणि चार वाजता टपरीऐवजी इमारतीला फेरी. तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाय चालते आणि नाक धुरापासून लांब राहिलं तर पुरतं.

दुसरी अडचण तिने लाजत सांगितली. मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नव्हतं. हे मशेरीवाल्या बायकांकडून कायम ऐकायला मिळतं आणि त्यात तथ्य आहे, निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते. रात्री इसबगोल, सकाळी उठल्यावर दोन भांडी कोमट पाणी, दोनेक आठवड्यांत पोट नव्या वेळेला लागतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी फक्त पोटासाठी मशेरीकडे परत जातो.

सगळ्याच न ओढणाऱ्यांची तलफ अशी निघत नाही. काहींची पट्टी स्वच्छ निघते; त्यांना हवी असते ती सुट्टी, बाहेरची हवा, सोबत आणि लांब श्वास, जे ऑफिसात फक्त ओढणाऱ्यांनाच हक्काने मिळतं. काहींनी वर्षांपूर्वी सोडलेली असते आणि वासाने जुनं जागं होतं. कोणी 'मी ओढत नाही' म्हणतो आणि शनिवारच्या दोन मित्राकडून घेतलेल्या मोजत नाही. यांतल्या कुणालाही वेप उपयोगाचा नाही: पहिल्याला तो नवी गरज लावतो, दुसऱ्याची जुनी परत आणतो, तिसऱ्याची शनिवारची रोजची करतो. आमच्या केसपेपरात आता तंबाखूच्या प्रश्नाच्या शेजारी 'दात कशाने घासता' हा प्रश्न छापलेला आहे. जवळ केंद्र नसेल त्यांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) फोन करावा, पैसे पडत नाहीत. मशेरीबद्दलही तिथे बोलता येतं.

वेप तिने ई-कचरा संकलनात दिला. तो घरच्या कचऱ्यात टाकू नये, बॅटरी दबली तर पेट घेते आणि गळलेला द्रव कातडीतूनही अंगात जातो, घरात लहान मूल असेल तर फारच धोका.

दोन आठवड्यांनी ओठाआतला पांढरेपणा निम्म्याहून कमी झाला होता, चौथ्या आठवड्यात गेला. राहिला असता तर तुकडा तपासणीला पाठवावा लागला असता. हिरड्या मात्र जिथे सरकल्या तिथेच राहणार, त्या आपण होऊन वर येत नाहीत. गम आता दिवसाला एकावर आला आहे. गावी जाते तेव्हा आजी भाजायला बसली की ती मागच्या दारी जाते. आजीने तिला मशेरी देणं थांबवलं आहे, स्वतःची थांबवलेली नाही. पुढच्या खेपेला आजीला दात दाखवायला घेऊन ये, असं तिला सांगून ठेवलं आहे.