आमची वाटचाल : पावसाळी बॅटऱ्या

वडिलांनी हर्णैला मासेमारी नौकांच्या बॅटऱ्या पावसाळ्यात सांभाळायचं, चार्ज करायचं दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे एक चार्जर, ॲसिडचा कॅन आणि एक हायड्रोमीटर (सेलमधल्या ॲसिडची घनता मोजायची, रबरी फुग्याची काचेची नळी). बॅटऱ्या बंदरावरून बैलगाडीतून यायच्या. तो हायड्रोमीटर आजही चालू आहे. रबरी फुगे बदलत गेलो, काच तीच. चार्जरवरून नुकती उतरवलेली बॅटरी व्होल्टमीटरवर झकासच दिसते. आतल्या सहा सेलांपैकी कुठला बसलाय ते फुगा दाबल्यावरच कळतं.

पुढची वर्षं बरी गेली. मग 3 जून 2020. लॉकडाउनमुळे बऱ्याच नौका आधीच वर ओढलेल्या, त्यांच्या बॅटऱ्या आमच्या शेडमध्ये. निसर्ग वादळात पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक आठवडे लाइट नाही. दमट उकाड्यात बॅटरी नुसती ठेवली तरी उतरते, आणि उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं. मग कितीही लावा, चार्ज धरत नाही.

जनरेटर भाड्याने आणला, डिझेलला पैसे नव्हते. नेमका तेव्हाच इथला एक धंदेवाला दारोदार फिरत होता. "त्यांच्याकडच्या सगळ्या मेल्या. जुन्या मला द्या, नव्या न्या, पैसे नारळी पौर्णिमेनंतर." निम्मी गिऱ्हाइकं गेली. त्या "नव्यां"मधल्या बऱ्याच रंग मारलेल्या होत्या. वर्ष सरायच्या आत खोक्यांचे गाल फुगले. आमच्याकडे मात्र प्रत्येक सेलचं रीडिंग वहीत लिहिलेलं असे. ती वही बघायला कोणी आलं नाही.

आले ते पाजपंढरीचे एक नाखवा. नौकेच्या टाकीतलं उरलेलं डिझेल कॅनमध्ये भरून आणलं आणि म्हणाले, "आधी बाकीच्यांच्या लाव रे. माझी जोडी शेवटी." त्यांची चोवीस व्होल्टची जोडी पुढे आणखी दोन हंगाम चालली.

गेलेले बहुतेक परत आले. वादळाचा विषय कोणी काढत नाही, आम्हीही नाही.

आता आलाच आहात तर ऐका. काढताना निगेटिव्ह आधी सोडा. टर्मिनलवरचा निळा-हिरवा थर सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, बुचं घट्ट लावून. वर पेट्रोलियम जेली. पातळी उतरली तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, ॲसिड नाही. फुल चार्ज करून ठेवा आणि महिन्याने परत तपासा. पावसाळ्यासाठी वर ओढून शाकारलेल्या (झाकलेल्या) नौकेवर जीपीएसची वायर जोडलेलीच ठेवून घरी जाणाऱ्यांनी 1 ऑगस्टला, हंगाम सुरू होताना, आमच्या नावाने ओरडू नये.