कृष्णवर्णीय सैनिकाच्या विधवेचं पेन्शन

अमेरिकी यादवी युद्धात साध्या सैनिकाच्या विधवेला महिना 8 डॉलर पेन्शन होतं. 1866 पासून सोळा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे आणखी 2. बरेच कृष्णवर्णीय सैनिक आधी गुलाम होते. गुलामीत लग्नाला कायदेशीर मान्यताच नव्हती, मग दाखला आणायचा कुठून? 1864 च्या कायद्याने वाट काढली: भरतीआधी किमान दोन वर्षं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिल्याची विश्वासार्ह साक्षीदारांची शपथपत्रं. दोन वर्षांची अट 1866 मध्ये गेली.

खरी अडचण नावाची. भरती मालकाच्या आडनावाने, शेजारी ओळखतात दुसऱ्याच नावाने. तेव्हा दोन्ही नावं एकाच माणसाची हे सांगायला त्याच तुकडीतला सोबती साक्षीला कामी येई. मुलांच्या जन्मतारखा सुईण सांगे. पुनर्विवाह केला की विधवेचं पेन्शन बंद. मुलांसाठी मग पालकाने वेगळा अर्ज करायचा.