विजेचा मंत्र वहीत उतरवला, त्याची गोष्ट

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ. त्यात मी जादूगार घेतो म्हटल्यावर खेळ चालवणारा दादा म्हणाला, "भावा, तलवारवाला घे, सोपं जातंय. जादूगाराला मंत्रांची वही सांभाळायला लागते." मला ती वहीच तर हवी होती. कोल्हापुरात राजारामपुरीतनं २०० पानी वही आणली आणि सुरुवातीला मिळणारे सहा मंत्र मराठीत लिहून काढले. शिवाजी पेठेत मित्राच्या माडीवर दर रविवारी खेळ बसायचा, २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी.

पहिले काही रविवार मंत्र लक्षातच राहीनात. पल्ला किती, फासे किती, सगळी गल्लत. मग मी मंत्रांना लागणारं साहित्य नीट वाचायला लागलो आणि तिथनं उलगडत गेलं. झोपेच्या मंत्राला बारीक वाळू, गुलाबाच्या पाकळ्या किंवा रातकिडा. पावसाळ्यात रातकिडे ऐकत झोपी गेलेल्याला हे वेगळं सांगायला नको. मनातलं ओळखायच्या मंत्राला तांब्याचं नाणं का, ते मात्र समजेना. दादानं सांगितलं, इंग्रजीत गप्प बसलेल्याला 'एक पेनी देतो, मनात काय ते सांग' म्हणतात, त्यावरून घेतलंय. आजीच्या डब्यातला ढब्बू पैसा मी त्या पानावर चिकटवला. अग्निगोळ्याला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. त्या विष्ठेत नायट्रेट असतं, त्यापासून सोरा निघतो. सोरा, गंधक आणि कोळसा म्हणजे बंदुकीची दारू! पन्हाळ्यावरच्या जुन्या इमारतींत येणारा तो उग्र वास आठवला आणि मंत्र कायमचा पाठ झाला.

माझा जादूगार खेळून खेळून चौथ्या पातळीवर पोचला असताना एका थडग्यात विजेचा मंत्र लिहिलेली गुंडाळी सापडली. मंत्र तिसऱ्या दर्जाचा. तो वहीत उतरवायचा तर जादूगार पाचव्या पातळीला पोचलेला लागतो. गुंडाळी वाचून एकदा वीज टाकून बघता आली असती, पण मग ती संपली. पुढच्याच लढाईत आमचा तलवारवाला बेशुद्ध पडला. "टाक की लगा ती वीज!" मित्र ओरडला. मी टाकली नाही. लढाई कशीबशी जिंकली, पण घरी जाताना रंकाळ्यापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग रास्त होता, हे मला आजही वाटतं.

सहा रविवारांनी पाचवी पातळी आली. उतरवायला खेळातले सहा तास आणि सोन्याची १५० नाणी. माझ्याकडे ११२. उरलेली ३८ त्याच मित्रानं काही न बोलता पुढे केली. आता मंत्र उतरतो का ते ठरवणारा वीस बाजूंचा फासा. माझ्या जादूगाराच्या हुशारीचे ६ धरून बेरीज १३ हवी. कमी पडलं तरी गुंडाळी नष्ट, जमलं तरी नष्ट. हाताला घाम सुटला होता.

फासा ८ वर थांबला. चौदा!

रात्री घरी येऊन खऱ्या वहीत लिहायला बसलो. १०० फूट लांब, ५ फूट रुंद वीज, इजा मोजायला सहा बाजूंचे ८ फासे. साहित्य: थोडी लव आणि अंबर, स्फटिक किंवा काचेची कांडी. शाळेत सरांनी कांडी घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले होते, तीच ही घर्षणाची वीज. 'इलेक्ट्रॉन' हा शब्दसुद्धा अंबराच्या ग्रीक नावावरून आलाय. ते पान मी दोनदा लिहिलं, पहिल्यांदा अक्षर नीट आलं नव्हतं. खाली बारीक अक्षरात मित्राची ३८ नाणी मांडून ठेवली.