मढे घाट, तापलेलं डिझेल इंजिन आणि भोसरीपर्यंतची वरात

पुण्याहून मढे घाटाला जायला दोन रस्ते. एक हायवेने चेलाडी फाट्यापर्यंत आणि तिथून नसरापूर-वेल्हे. दुसरा खडकवासल्यावरून खानापूर, पाबे घाट, वेल्हे. मे महिन्याच्या उन्हात आम्ही दुसरा धरला. दोन गाड्या होत्या, त्यातली माझी जुनी टर्बो डिझेल फोर बाय फोर. सिलिंडरांचा लोखंडी ब्लॉक, त्यावर झाकणासारखं ॲल्युमिनियमचं हेड, पुढे व्हिस्कस कपलिंगवर (तेलाच्या पकडीवर चालणाऱ्या जोडणीवर) फिरणारा मोठा पंखा. पाबे घाट झकास आहे, वेल्ह्यातला चहाही बरा होता, पण या लिखाणाचा विषय त्यानंतरचा आहे.

पासली सोडून केळदच्या चढाला लागलो तर पुढे लाकडं भरलेला टेंपो. ओव्हरटेकला जागा नाही, त्यामुळे पहिला गिअर आणि चालण्याचा वेग. टेंपरेचरचा काटा भराभर चढला. बाजूला घेतली तोवर ओव्हरफ्लोच्या बाटलीतून कूलंट उसळून रस्त्यावर. आणि मग काटा आपोआप खाली, पार थंडवर. सोबतचा मित्र म्हणाला, "चला, निवली." निवली कसली! पाणी उतरलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा थंड दाखवतो. बॉनेटवर हात ठेववत नव्हता. तापलेल्या गाडीचा काटा असा अचानक पडला, तर त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. पाणी पुरेसं असेल आणि काटा नुसता वर गेला असेल, तर उलट करायचं: एसी बंद, केबिनचा हीटर फुल, आणि थोडा वेळ आयडलवर ठेवायची, म्हणजे पाणी फिरत राहतं.

शेजारच्या शेतातून एक काका हंडा घेऊन आले. "दादा, पानी वतू का?" त्यांना हात जोडून थांबवलं. रेडिएटरची कॅप आत साधारण एक बारचा दाब धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. कॅप फिरवली की दाब जातो आणि ते पाणी वाफ होऊन तोंडावर येतं. शिवाय तापलेल्या हेडमध्ये हंड्यातलं गार पाणी गेलं तर हेडला तडा जायला तेवढं पुरतं. काकांच्या ओसरीवर तासाभराहून जास्त बसलो, त्यांनी कैरी कापून दिली.

इंजिन गार झाल्यावर पाणी भरून सुरू केलं. अर्ध्या मिनिटात वरचा होज दगडासारखा कडक. गार इंजिनात एवढ्यात दाब येण्याचं एकच कारण, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग तरी गेलंय किंवा हेड तरी चिरलंय. अशी गाडी हळूहळू चालवत पुण्यापर्यंत नेऊ म्हणणारे खूप भेटतात. ऐकू नका. केळदला मोबाइलची रेंज नव्हती, दुसरी गाडी मागे पाठवून फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, मागवला. फोर बाय फोर दोन चाकं उचलून ओढत नेऊ देऊ नका, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केस आणि डिफरन्शिअलची वाट लागते. चारही चाकं वर हवीत. वेल्हे, नसरापूर, खेड शिवापूरचा टोल, कात्रजचा बोगदा, अशी आमची वरात रात्री उशिरा पुण्यात.

पहिल्या गॅरेजने गाडी पाहून लगेच निकाल दिला: इंजिन बसलं, सेकंडहँड टाकून देतो. अजून एक बोल्टही सुटला नव्हता! गाडी भोसरीला डिझेलचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे हलवली. ते म्हणाले, "साहेब, हेड उतरवल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. आणि आधी मला रेडिएटर बघू द्या."

मला या सगळ्या प्रकरणातलं पटलेलं वाक्य हेच. इंजिन उगाच तापत नाही, ते कोणीतरी तापवलेलं असतं, आणि तो गुन्हेगार गाडीतच राहिला तर नवं इंजिनही पुढच्या घाटात तसंच जाणार. मिस्त्रींनी एसीचा कंडेन्सर पुढे ओढला. मागे रेडिएटरच्या जाळीवर वाळलेला चिखल, गवताचं कुसळ आणि मेलेले किडे यांचा बोटभर जाड थर, जुन्या गोधडीसारखा एकसंध. समोरून लोखंडी ग्रिल लख्ख, कधी दिसणारच नाही. नंतर पंखा. इंजिन गरम असताना बंद करून हाताने फिरवला तर जोर लागायला हवा, कारण कपलिंगमधलं सिलिकॉन तेल तेव्हा पकड घेतं. त्यांच्या मते आमचा पंखा मोकळा गरगरत होता, आणि कपलिंगच्या तोंडावर तेलाचा ओघळ होताच. हायवेला गाडी का तापत नव्हती याचा उलगडा झाला. तिथे वाऱ्यानेच काम भागतं, चढावर रांगताना सगळी मदार पंख्यावर.

हेड उतरल्यावर त्यावर सरळ पट्टी आडवी ठेवली आणि खालून फीलर गेजची पाती सरकवून पाहिली. ०.०५ मिमीची पाती मधल्या दोन सिलिंडरांपाशी अलगद आत गेली, ०.१० मिमीचीही गेली. म्हणजे हेड वाकलेलं. प्रेशर टेस्टला हेड पाण्यात बुडवून हवा भरली तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या मधून बारीक बुडबुड्यांची माळ. तडा. वेल्डिंग करून देणारे आहेत, आम्ही नवं हेड घेतलं. वाकलेलं हेड बरेच जण लेथवाल्याकडे फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, आणतात. डिझेलला हे जपून करा. काही इंजिनांना फेसिंग चालतच नाही, आधी मॅन्युअल बघा. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून त्या जाडीचं पॅकिंग निवडायचं असतं, पॅकिंगच्या कडेला त्यासाठी खाचा किंवा भोकं असतात. दुकानदार हातात देईल ते घालू नका. ताणून बसवायचे हेड बोल्ट असतील तर तेही नवे.

लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) ओरखडे नव्हते, ब्लॉकचा माथा सरळ होता, तेलात पाणी उतरलं नव्हतं. म्हणून हाफ इंजिनचंही (पिस्टन, लायनर वगैरेंचं) काम करायची गरज पडली नाही. नवं हेड, रेडिएटरचा नवा कोअर, कपलिंग, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, होज धरून खर्च सेकंडहँड इंजिनाच्या खर्चाच्या आतच राहिला. पाणी मिसळून तेलाचं ताक झालं असतं किंवा क्रँकचे बेअरिंग गेले असते तर हिशेब वेगळा झाला असता.

खरंच इंजिन बदलायची वेळ आली, तर नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात पार्ट मिळतील, पण अख्खं इंजिन घेताना मूळ गाडीची कागदं आणि पक्कं बिल मागा. इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ त्यासाठीच आहे. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी नंबर जुळत नाही.

काम झाल्यावर बोपदेव घाटात मुद्दाम रेंगाळत चढवून पाहिली, मग पुन्हा पाबे घाट. काटा जागचा हलला नाही. या बाजूला जाणार असाल तर कूलंट आणि डिझेल हायवेलाच भरा, वेल्ह्यापुढे भरवसा नाही. बोअरचं पाणी रेडिएटरला कायमचं घालू नका, क्षार साचतात. अडचणीला घातलंत तर घरी आल्यावर काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा. आणि चिखलातून आल्यावर गाडी धुताना पाइप ग्रिलवर समोरून मारू नका, घाण आणखी आत जाते. पंख्याच्या बाजूने, कमी प्रेशरने, पुढच्या दिशेला मारायचा.