सायप्रस पॉइंटची पंगत

गोल्फ खेळतो म्हटलं की आपली माणसं लगेच वर-खाली बघतात, पैसे फार झालेले दिसतायत याला, असं. खरं तर मी सॅन होजेजवळच्या म्युनिसिपल कोर्सवर, म्हणजे सरकारी गोल्फ मैदानावर, स्वतःची बॅग स्वतः ओढत, चोवीस हँडिकॅपवाला (म्हणजे बेताचाच) गोल्फ खेळतो, आणि पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा शॉट मारायच्या जागी, मागचे चौघं हाताची घडी घालून उभे राहिले की माझा बॉल हमखास उजवीकडे झाडीत. त्यामुळे माझ्या जुन्या मॅनेजरच्या सासऱ्यांनी फोन करून "शुक्रवारी मोकळा आहेस का, सायप्रस पॉइंटला ये" म्हटलं तेव्हा मला वाटलं यांनी चुकून दुसऱ्याच कोणाला फोन लावलाय.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कॅलिफोर्नियात मॉन्टरेला, 17 माइल ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावर, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर दोन जगप्रसिद्ध कोर्सेस आहेत. एक पेबल बीच, तिथे भरभक्कम पैसे मोजले की कोणीही खेळू शकतं. दुसरं सायप्रस पॉइंट, तिथे पैशाचा काही उपयोग नाही, कारण ते प्रायव्हेट आणि सदस्य अडीचशेच्या आसपास. विनोदी नट बॉब होपच्या नावावर एक जोक सांगतात, की या क्लबने एकदा जोरदार सदस्य मोहीम काढली आणि चाळीस जणांना बाहेर काढलं. तर अशा ठिकाणी शिरायचा मार्ग एकच, कोणीतरी बोलावलं पाहिजे. म्हणजे आपल्या भाषेत, पाहुणा म्हणून जायचं.

आणि पाहुणा म्हणून जायचं म्हटल्यावर रिकाम्या हाताने कसं जाणार? दोन दिवस याच विचारात गेले. वाइन म्हणावी तर या माणसाकडे माझ्या पगारापेक्षा महाग वाइन असणार, बायको म्हणाली अरे बाकरवडी ने की, फ्रीजवर पाकीट पडलंय, मी म्हटलं वेडी आहेस का, तिथे बाकरवडी? पण सकाळी साडेपाचला अंधारात दुसरं काही सापडेना, तेच पाकीट बॅगेच्या कप्प्यात कोंबलं आणि निघालो. 101 हायवेवर गिलरॉयला नेहमीचा तो लसणाचा वास, मग कॅस्ट्रोव्हिलची आर्टिचोकची शेतं, आणि मॉन्टरेच्या जवळ आल्यावर धुकं इतकं की वायपर लावावे लागले.

मी आपला भपकेदार महालाच्या तयारीत होतो. तर एक पांढरं, बसकं, साधंसं क्लब हाऊस, बोर्डही नजरेत भरणार नाही असा. माणसं जवळपास नाहीतच. आमच्या म्युनिसिपलला शनिवारी एसटी स्टँडसारखी गर्दी असते आणि इथे आम्ही दोघं, बॅगा उचलणारे दोन कॅडी, आणि फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, निवांत चरणारी हरणं, जी बॉल आला तरी मान वर करत नव्हती. पहिलाच शॉट 17 माइल ड्राइव्ह ओलांडून मारायचा, खालून टुरिस्टांच्या गाड्या जातायत, दहा वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर आईबाबांना घेऊन मी असाच भाड्याच्या गाडीतून गेलो होतो. बॉल रस्ता ओलांडून गेला. कसा गेला विचारू नका.

हे कोर्स उघडलं 1928 साली. आखलं ॲलिस्टर मॅकेन्झीने, हा मूळचा डॉक्टर, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सर्जन होता, आणि बोअर सैनिक जमिनीत कसे लपतात ते बघून त्याने कॅमोफ्लाजचा अभ्यास केला. ते इथे चालताना कळतं बघा, बंकर (बॉल अडकवायला केलेला वाळूचा खड्डा) कुठे संपला आणि वाळूची टेकडी कुठे सुरू झाली पत्ता लागत नाही, मी एकदा टेकडी समजून ज्यात बिनधास्त उतरलो तो बंकर निघाला. आधी जंगल, मग वाळूच्या टेकड्या, पुन्हा थोडं जंगल, आणि शेवटी शेवटी एकदम समुद्र. झाडं सायप्रसची, मॉन्टरे सायप्रस, मूळची फक्त इथल्याच किनाऱ्यावर दोन ठिकाणी उगवणारी, वाऱ्याने अशी वाकलेली की कोकणातल्या सुरूच्या बनाची आठवण यावी, पण आपला सुरू कसा सळसळतो, ही मात्र गप्प.

पण मॅकेन्झीपेक्षा मला भारी वाटली ती मॅरियन हॉलिन्स. 1921 ची अमेरिकन महिला ॲमॅच्युअर चॅम्पियन, आणि हे कोर्स उभं राहिलं ते तिच्या खटपटीतून. सोळाव्या होलची गोष्ट मॅकेन्झीनेच लिहून ठेवलीय. त्याच्या आधीचे आर्किटेक्ट सेथ रेनर हळहळले की इथे समुद्रावरून पार थ्री (तीन शॉटमध्ये संपवायचा होल) किती छान झाला असता, पण अंतर फार आहे. बाईंनी काय करावं? बॉल ठेवला आणि मारला थेट पलीकडे. झालं, तिथेच ग्रीन, म्हणजे होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ. आणि ज्या क्लबची सुरुवात अशी, त्याच क्लबने 1990 मध्ये, वंश, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद सदस्यत्वात करत नाही हे दाखवून द्या असा नियम व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने केल्यावर, 1947 पासून चालत आलेली स्पर्धाच सोडून दिली. ग्रीनवर माझे गव्हाळ हात पटरवर (बॉल होलात ढकलायची काठी) बघताना हे मधेच आठवलं, आणि मग वाटलं, आता पुटकडे, त्या शेवटच्या हलक्या शॉटकडे, बघ बाबा. पुट चुकलाच.

तर सोळावा होल. पंधरावाही पार थ्रीच, समुद्राच्या एका खाचेवरून, पण छोटा, तिथे मी चक्क तीन शॉटमध्येच होल संपवला आणि डोक्यात हवा गेली. सोळाव्यावर उभं राहिलं की समोर नुसता पॅसिफिक. दोनशे तीस यार्डांच्या आसपास पलीकडे खडकावर ग्रीन, मधे लाटा आपटतायत, सी लायन भुंकतायत, वारा तोंडावर. डावीकडे जमीन आहे, तिकडे छोटा शॉट मारून मग वळून ग्रीनवर यायची सोय आहे, शहाणी माणसं तेच करतात. गायक बिंग क्रॉस्बीने इथे एका शॉटमध्ये बॉल होलात घातला होता, आणि पोर्की ऑलिव्हर नावाच्या चांगल्या नावाजलेल्या प्रोने 1950 च्या दशकात याच होलवर सोळा शॉट घेतले होते. म्हणजे दोन्ही टोकं.

कॅडीने काही न बोलता सेव्हन आयर्न, म्हणजे छोट्या शॉटची काठी, पुढे केली. मी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, मागितला. एवढ्या लांब आलो, परत कोण बोलावतंय, वगैरे. बॉल सुंदर उडाला आणि वाऱ्यात लटकून अलगद पाण्यात पडला, आवाजसुद्धा आला नाही. मी बॅगेकडे वळणार तर आजोबांनी (मी मनात त्यांना आजोबाच म्हणत होतो, अठ्ठ्याहत्तरचे आहेत) स्वतःच्या खिशातला बॉल काढून माझ्या टीवर ठेवला. नको नको म्हणेपर्यंत ठेवलासुद्धा. पंगतीत आपण पानावर हात आडवे धरतो आणि वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, अगदी तस्सं. तोही पाण्यात. आणि त्यांनी हसत तिसरा काढला.

आता यात मजा होती तेवढीच लाजही, कारण पेबल बीचच्या आसपासच्या समुद्रातून एका शाळकरी मुलीने वडिलांसोबत बुड्या मारून दोन वर्षांत पन्नास हजारांवर गोल्फ बॉल बाहेर काढले होते, ते वाचल्यापासून पाण्यात गेलेला बॉल मला नुसता हरवलेला वाटत नाही. आणि हे दोन तर अर्धे यजमानांचे. मी मुकाट्याने सेव्हन आयर्न घेतली, डावीकडे मारला, मग ग्रीनवर, मग दोन पुट. दंड धरून आठ. आजोबाही डावीकडूनच गेले, त्यांचे चार. "मी साठीनंतर सरळ मारणं सोडलं," म्हणाले. मग हे आधी का नाही सांगितलं? पण यजमान असं सांगत नाही, पाहुण्याला जे हवंय ते वाढतो.

सतरावाही समुद्रावरूनच, फेअरवेच्या मधोमध सायप्रसचा झुबका, भलताच देखणा. अठरावा मात्र झाडांतून वर क्लब हाऊसकडे, अडचणीतला. सायप्रस पॉइंट म्हणजे जगातलं सर्वोत्तम सतरा होलांचं कोर्स, असं गमतीने म्हणतात ते उगाच नाही. मला तसाही त्याचा फारसा राग आला नाही, पाय बोलायला लागले होते.

बाकरवडी राहिलीच होती बॅगेत. पार्किंगमध्ये निरोप घेताना धीर करून पाकीट दिलं, आमच्या पुण्याकडचं आहे, थोडं तिखट लागेल म्हटलं. त्यांनी तिथेच फोडलं, एक तोंडात टाकली, एक कॅडीला दिली, आणि काहीच न बोलता उरलेलं पाकीट आपल्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. नाही आवडली बहुतेक, असं मी गिलरॉयपर्यंत धरून चाललो होतो.

नवव्या दिवशी मेसेज आला. पाकिटाचा फोटो, रिकामं, आणि खाली एवढंच, हे कुठे मिळतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. डिसेंबरात सासूबाई येतायत, त्यांना सहा पाकिटं आणायला सांगितलीत, ती हातात आल्यावरच कळवीन म्हणतो.