बूट काढेपर्यंत

स्कीइंगला जाऊन आलेल्या माणसाला कसं झालं म्हणून विचारा, तो बर्फाबद्दल बोलेल, समोरच्या आयगर शिखराबद्दल बोलेल, वितळलेल्या चीजच्या फोंड्यूबद्दल तर हमखास बोलेल, पण बुटांबद्दल अवाक्षर काढणार नाही. हे म्हणजे बाळंतपण कसं झालं विचारलं आणि बाईने बाळाच्या जावळाचंच कौतुक सांगितलं, असं झालं. म्हणून मी बुटांबद्दलच लिहिणार आहे, आयगरचे फोटो तुम्ही पाहिलेलेच असतात.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ राहायला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं मी गुडघा दुखतो या एका कारणावर काढली. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. पण इथे फेब्रुवारीत शाळांना खास खेळाची सुट्टी असते, निम्मं शहर स्कीच्या पाट्या गाडीच्या टपावर बांधून डोंगरात पळतं, आणि सोमवारी ऑफिसात सगळे गॉगलच्या आकाराचा गोरा डाग सोडून बाकी तांबडंलाल तोंड घेऊन येतात. लेक बालवाडीपासून शिकलाय, नवरा त्याच्या नादाने शिकला, राहिले मीच. शेवटी लेकाने यंदा त्याचा जोकर खर्च केला. झुरिकच्या शाळांत वर्षाला दोन जोकर-दिवस मिळतात, कारण न देता सुट्टी. त्यातला एक त्याने आईसाठी वापरला म्हटल्यावर मला गुडघा पुढे करता येईना.

तर जानेवारीत आम्ही वेंगनला गेलो. खाली लाउटरब्रुनेनच्या दरीत गाडी ठेवायची आणि दात्यांच्या रेल्वेने वर जायचं, कारण वेंगनमध्ये बाहेरच्या गाड्या नेताच येत नाहीत. ही रेल्वे १८९३ ची आहे, रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी, त्यात इंजिनाचं चाक अडकवत अडकवत जाते. पाऊण तासही लागत नाही, खरं तर पाव तासाच्या आतच पोचवते, पण तेवढ्यात ७९६ मीटरवरून १२७४ मीटरवर येतो आपण आणि कान दडपतात. वर उतरलं की पहिल्यांदा जाणवते ती शांतता. हॉर्न नाही, इंजिन नाही, फक्त बॅटरीच्या गाड्या सामान घेऊन जाताना बारीक गुणगुणतात आणि सगळीकडून एक आवाज येत असतो, टॉक टॉक, टॉक टॉक. हे काय म्हणून मी बघत होते तर तेच, बूट. अख्खं गाव प्लॅस्टिकचे बूट घालून रस्त्यावरून टाच-पंजा, टाच-पंजा चाललेलं.

भाड्याच्या दुकानातला मुलगा विशीतला असेल. पायाचं माप घेतलं, वय विचारलं, आधी कधी केलंय का विचारलं आणि मग सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, वजन किती? मागे आठ-दहा माणसांची रांग, त्यात माझा नवरा. मी पाच किलो कमी सांगितलं. नवरा छताकडे बघायला लागला. मला वाटलं उगाच विचारतात, रेकॉर्डसाठी असेल. तसं नसतं. त्या आकड्यावरून, वयावरून आणि बुटाच्या लांबीवरून ते पाटीवरची बुटाची पकड किती घट्ट ठेवायची ते ठरवतात, म्हणजे पडताना पाय पिळवटला तर पाटी आपोआप सुटून आली पाहिजे, पण उगाच सुटता कामा नये. मी पाच किलोंनी स्वतःची पकड सैल करून घेतली होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता बूट. मला आजवर बूट म्हणजे मनालीचे ठाऊक. रोहतांगला जाताना रस्त्याकडेच्या नंबरवाल्या दुकानातून कोट आणि गमबूट भाड्याने घ्यायचे, आधीच्या गिऱ्हाइकाचा पाय आतून अजून गरम असायचा, दोन मोजे चढवायचे आणि निघायचं. स्कीचा बूट ही वेगळीच जात. बाहेरून कडक कवच, त्याला चार कड्या, आत जाड अस्तर, आणि पुढे एक जीभ जी नडगीला येऊन भिडते. मोजा एकच आणि तोही पातळ (दोन घातले तर रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो, हे मी दोन घालून शिकले). पाय आत घालताना टाच पुढे जात नाही, मग उभं राहून जमिनीवर दणादणा आपटायची, मग ती खटकन बसते, मग एकेक कडी ओढायची, आणि शेवटची कडी लागली की घोटा नावाचा अवयव तुमच्याकडून काढून घेतला जातो. गुडघे किंचित वाकलेले, देह पुढे कललेला, जन्मभर कोणापुढे तरी अजिजी करत उभं असल्यासारखं. असं उभं राहून मी विचारलं, घट्ट होतायत का हो? दुकानातला मुलगा म्हणाला, बोटं पुढे लागतात का, आणि उभी राहून वाकलीस की मागे सरकतात का? सरकत होती. मग बरोबर आहे, म्हणाला. दुखण्याबद्दल त्याने विचारलंच नाही, दुखणार हे तो धरूनच चालला होता बहुतेक.

आणि हे घालून जिने उतरायचे! तिथे मी साठीच्या बायकांना खांद्यावर पाट्या टाकून, हातात काठ्या घेऊन, बर्फाळ जिना तुरूतुरू उतरताना पाहिलं. मी कठडा धरून आडवी उतरत होते.

पहिले दोन दिवस गावातल्याच छोट्या उतारावर शिकवणी. तिथे सरकता गालिचा असतो, त्यावर उभं राहिलं की तो वर नेऊन सोडतो. बाजूला चार-चार वर्षांची पोरं, काठ्यांशिवाय, नाकाला शेंबूड, सुसाट. आमच्या गटात एक डच जोडपं, एक लंडनचा वकील आणि मी, आणि शिकवायला साठी उलटलेला एक गावातलाच माणूस, चेहरा उन्हाने तांब्याच्या हंड्यासारखा झालेला. तो इंग्रजी कमी आणि खाणाखुणा जास्त करायचा. पुढची टोकं जवळ, मागची लांब, की झाला पिझ्झा, की वेग कमी. लहान मुलांना असंच शिकवतात आणि मोठ्यांनाही तेच, मोठ्यांसाठी वेगळा पिझ्झा नाही. आणि दर दोन मिनिटांनी तो स्वतःच्या नडगीवर थाप मारायचा. नडगी, नडगी! म्हणजे नडगी त्या बुटाच्या जिभेवर दाबून ठेव. उतार दिसला की माणूस मागे रेलतो, डोंगराकडे, साहजिकच आहे, पण मागे रेललं की पाट्यांची टोकं हलकी होतात आणि त्या वळायचं नाव घेत नाहीत. पुढे, दरीकडे झुकायचं. कळत होतं हो सगळं. नडगीला पटत नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी डावी पाटी सुटायला लागली. साधा उंचवटा आला की खट्ट, पाटी वेगळी आणि मी वेगळी. तिसऱ्यांदा सुटल्यावर म्हातारबुवांनी चष्मा लावला, वाकून पकडीच्या खिडकीतला बारीक आकडा वाचला, माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, किती किलो? डच जोडपं, लंडनचा वकील, सगळे थांबले. मी खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त दुकानाच्या दिशेने काठी केली.

तिसऱ्या दिवशी वर क्लाइने शायडेकला गेलो, २०६१ मीटर. इथून युंगफ्राउयोखची रेल्वे निघते, बोगद्यातून ३४५४ मीटरपर्यंत, १९१२ ला पुरी झालेली. आपले टूरवाले सगळे तिथेच जातात, त्यामुळे स्टेशनच्या एका बाजूला हेल्मेटवाले आणि दुसऱ्या बाजूला कानटोप्यांवाले, मधे फक्त फलाट. मी निळ्या उतारावरून (निळा म्हणजे सोपा, मग लाल, मग काळा) स्टेशनकडे येत होते, हळूच येत होते, इतकी हळू की थांबता येत नाही हे माझ्याही उशिरा लक्षात आलं. पिझ्झा केला. झाला नाही. मग मी निर्णय घेऊन बसले. टूरच्या घोळक्यापासून पाच फुटांवर.

"अगं बाई, पडली बघा ती पोरगी," आवाज आला. चक्क मराठीत. बेचाळिसाव्या वर्षी पोरगी!

"लागलं नाही काकू," मी खालूनच म्हटलं.

एक क्षण सगळे गप्प आणि मग जी हशा-टाळ्यांची धमाल उडाली. कराडचे लोक होते. एका काकांनी लगेच विचारलं, याचे किती घेतात, दिवसाचे? मी सांगितलं, त्यांनी मनातल्या मनात गुणलं आणि पुढचं काही विचारलं नाही. काकूंनी साडीवर स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर शाल आणि पायात साधे स्पोर्ट शूज असा जामानिमा केला होता आणि माझ्यापेक्षा कितीतरी भक्कम उभ्या होत्या. मला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि वाकून माझ्या बुटावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं.

"हे काय गं, घमेलं घातलंयस पायात?"

"तसंच आहे काकू."

"दुखत असंल की."

"खूप."

"मग कशाला करतीस?"

मला काही सुचेना. तोपर्यंत त्यांनी पिशवीतून डबा काढून तिळाची वडी माझ्या हातमोज्यावर ठेवली. संक्रांत होऊन गेली ना, म्हटलं. "रथसप्तमीपतोर चालतंय," काकू म्हणाल्या. वडी थंडीने अशी दगड झाली होती की दात लागेना, मग गालात धरून ठेवली, तेव्हा हळूहळू गूळ सुटला, आणि खाली बुटात ठणका आणि वर गालात गूळ असं काहीतरी पाचएक मिनिटं चाललं होतं. मग टूर मॅनेजरने झेंडा हलवला आणि सगळे गाडीत चढले.

कशाला करतीस हा प्रश्न मी संध्याकाळपर्यंत घोळवत होते. या भागात स्कीइंगला आधी इंग्रज आले. वेंगनला १९२५ मध्ये त्यांनी एक क्लबच काढला, त्याचं नावच डाउनहिल ओन्ली. का तर चढायचं काम रेल्वे करेल, आम्ही फक्त उतरणार. त्या काळी कष्टाने चढून मग उतरणारे खरे गडी मानले जायचे, त्यांना हे किती खटकलं असेल! मला मात्र फार जवळचे वाटले हे लोक. आणि दरीपलीकडच्या म्युरेनमध्ये १९२२ साली आजच्या पद्धतीची स्लालोम (खांबांमधून वळत उतरायची) शर्यत ज्यांनी पहिल्यांदा भरवली ते आर्नल्ड लन जन्माने कुठले, तर मद्रासचे. हे वाचल्यापासून मी नवऱ्याला सांगते, मद्रासेत जन्मलेल्या माणसाला जमतं तर पुणेरी बाईला का नाही. तो म्हणतो, त्यांनी वजन खरं सांगितलं असेल.

आठवड्यापूर्वीच वेंगनला लाउबरहॉर्नची शर्यत झाली होती, १९३० पासून चालू आहे, जगातल्या नेहमीच्या डाउनहिल शर्यतींत सगळ्यात लांब, साडेचार किलोमीटरच्या आसपास. लाल जाळ्या अजून निघायच्या होत्या. ते लोक हे अंतर अडीच मिनिटांत उतरतात. २०१३ मध्ये एका फ्रेंच गड्याने तिथे ताशी १६१.९ किलोमीटर वेग गाठला, आपल्या एक्सप्रेसवेवर गाडीत बसून केला असता तर चलन घरी आलं असतं. त्यांचेही बूट असेच, उलट आणखी घट्ट असतात म्हणे. मी मात्र त्या दुपारी शायडेकहून बाजूच्या सोप्या वाटेने वेंगनला उतरले, दीड तास लागला, सहा वेळा पडले. पण मधे एक पट्टा असा आला, गाडीचे रूळ एका बाजूला, सरळ लांबलचक, कोणी नाही, आणि नडगी आपसूक जिभेवर टेकली आणि पाट्या वळल्या. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी वळवल्या असं म्हणवत नाही, वळल्या. दहा-बारा सेकंद असेल. मग सहावी वेळ.

हॉटेलच्या तळघरात बूट वाळवायची खोली असते, भिंतीतून गरम हवेच्या नळ्या आलेल्या, त्यावर बूट उलटे अडकवायचे. ओल्या लोकरीचा आणि पायांचा असा एक सार्वजनिक वास. बाकावर ओळीने माणसं बसलेली, जर्मन, इंग्रज, कुठलेकुठले, आणि कोणी बोलत नव्हतं, नुसत्या कड्या उघडल्याचे आवाज, टाक, टाक, टाक, टाक. शेवटची कडी सुटली, मी कवच दोन्ही हातांनी फाकवलं आणि पाय ओढून काढला, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यावर शेजारच्या अनोळखी आजोबांनी मान डोलावली. नडगीवर मोज्याच्या विणीचा आडवाउभा छाप उठला होता, अंगठा जांभळा, बाकी पाय उकडलेल्या रताळ्यासारखा. गार फरशीवर मी तो सपाट ठेवला. घोटा गोल फिरवून पाहिला, होता जागेवर.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "झालं ना आता? उद्या सकाळी परत करून टाकू सगळं?"

"निघायचंय कितीला आपल्याला?"

"दुपारी."

"मग त्या वरच्या नळीवर अडकव माझे," म्हटलं. "खालचे नीट वाळत नाहीत."